स्टेम सेलखालचं कोटिंग: पेशी सुधारते, की फक्त प्लेट चांगली दिसते?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पीएच.डी.साठी मेसेन्कायमल स्टेम सेल्सवर, म्हणजे अस्थिमज्जेसारख्या ऊतींत सापडणाऱ्या एमएससी या मूळपेशींवर, काम करायचं आहे. रोगप्रतिकार यंत्रणेला आवर घालण्याची त्यांची ताकद वाढवायची आणि त्यासाठी प्लेटवर बायोमटेरियलचा लेप द्यायचा, असा बेत आहे. फायब्रोनेक्टिन, कोलॅजेन, हेपरिन, पॉलिडोपामिन, मऊ जेल... जो पेपर उघडावा त्यात सुधारणा झालेलीच दिसते. मग निवडायचं काय, पृष्ठभाग मऊ हवा की कडक, आणि यातलं रुग्णापर्यंत पोचतं किती?

माझं काम पेशी वाढवण्याच्या प्रक्रियेचं, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूनं देतो.

सुरुवात कंट्रोलपासून करा, कारण कोटिंग नसलेली प्लेट तुमच्या इनक्युबेटरमध्ये नसतेच. टिश्यू कल्चरची प्लेट म्हणजे विद्युतभारित वायूनं (प्लाझ्मानं) प्रक्रिया केलेलं पॉलिस्टायरीन प्लास्टिक. त्यावर सीरमवालं (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव असलेलं) वाढीचं माध्यम ओतलं की क्षणात प्रथिनं चिकटायला लागतात. आधी अल्ब्युमिनसारखी मुबलक आणि चपळ प्रथिनं बसतात, मग त्यांना हुसकावून घट्ट धरणारी प्रथिनं जागा घेतात. या अदलाबदलीला लिओ व्रोमन यांच्या नावानं व्रोमन परिणाम म्हणतात. पेशी तळाला टेकेपर्यंत तिथे व्हिट्रोनेक्टिन आणि फायब्रोनेक्टिनचा थर तयार असतो आणि पेशी इंटेग्रिन या आपल्या पकडीच्या प्रथिनांनी तोच पकडते. म्हणजे 'कोटिंग विरुद्ध साधी प्लेट' ही तुलना खरं तर 'तुमचं कोटिंग विरुद्ध सीरमचं कोटिंग' अशी असते. उलट सीरममुक्त माध्यमात गेलात की साध्या प्लेटवर पेशी नीट चिकटतच नाहीत, आणि तिथे कुठलाही लेप बाजी मारून जातो. पेशी चिकटल्या, टिकल्या, जास्त वाढल्या, हे सगळं कामाचंच आहे. पण त्यावरून त्या प्रतिकार यंत्रणेतल्या लढाऊ टी-पेशींना जास्त चांगला आवर घालतात असं सिद्ध होत नाही. पेपर वाचताना माध्यमात सीरम होतं का, प्लेटलेट लायसेट (फोडलेल्या प्लेटलेट्सचा अर्क) होतं का, की काहीच नव्हतं, हे आधी शोधा. निम्मे गोंधळ तिथेच सुटतात.

'इम्यून थेरपी' या नावाखाली दोन उलट दिशांची कामं येतात, तीही वेगळी ठेवायला हवीत. एमएससी वापरतो ते भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करायला. २००४ मध्ये स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्काच्या गटानं ९ वर्षांच्या एका मुलाला त्याच्या आईच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या एमएससी दिल्या. मज्जा प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशी त्याच्या आतड्यावर आणि यकृतावर उलटल्या होत्या, म्हणजे तीव्र जीव्हीएचडी झाला होता, आणि तो आटोक्यात आला. या सगळ्या क्षेत्राला वेग आला तो त्या केसनंतर. दुसऱ्या दिशेचं काम म्हणजे रक्तमूळपेशींपासून किंवा आयपीएस पेशींपासून (साध्या पेशी मागे फिरवून बनवलेल्या मूळपेशींपासून) लढणाऱ्या टी-पेशी तयार करणं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेली, २०२३ मध्ये परवानगी मिळालेली नेक्सकार-१९ ही रक्तकर्करोगावरची उपचारपद्धती रुग्णाच्याच टी-पेशी घेते. प्रत्येक रुग्णासाठी नवी बॅच लागते. मूळपेशींपासून टी-पेशी बनवता आल्या तर एका साठ्यातून अनेकांना देता येतील, अशी त्यामागची आशा.

तुमचा प्रश्न पहिल्या दिशेचा आहे. तरी कोटिंगची खरी ताकद समजायची तर दुसरीकडे बघावं लागतं, कारण तिथे कोटिंगशिवाय काम होतच नाही.

रक्तमूळपेशीला टी-पेशी व्हायला नॉच नावाचा संदेश लागतो. थायमसमध्ये शेजारची पेशी आपल्या पृष्ठभागावर डेल्टा प्रकारचं प्रथिन धरून असते आणि मूळपेशीचा नॉच रिसेप्टर त्याला जोडला जातो. मात्र नुसतं जोडून भागत नाही. समोरच्या पेशीनं ते प्रथिन ओढावं लागतं. काही पिकोन्यूटनांच्या त्या ताणानं नॉचची एक झाकलेली जागा उघडी पडते, तिथे विकर (एन्झाइम) काप घेतं आणि मगच संदेश केंद्रकात जातो. म्हणून हेच डेल्टा प्रथिन माध्यमात विरघळवून घातलं तर उपयोग होत नाही. उलट ते रिसेप्टर अडवून बसतं. तेच प्लेटला घट्ट चिकटवलं की काम करतं, कारण आता पेशी स्वतः ओढते आणि समोरचं टोक जागचं हलत नाही. सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात आयर्विन बर्नस्टीन यांच्या गटानं हे दाखवलं आणि त्यावर प्रक्रिया उभारली. प्लेटवर डेल्टा-१ आणि फायब्रोनेक्टिनचा एक तुकडा बसवायचा आणि त्यावर नाळेच्या रक्तातल्या मूळपेशी वाढवायच्या. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत अशा वाढवलेल्या पेशी मिळालेल्या रुग्णांमध्ये न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, परत यायला लागलेल्या दिवसांचा मध्यक १६ होता, एरवी २६ लागत. रक्तकर्करोगाच्या वॉर्डात न्यूट्रोफिलशिवायचे दहा दिवस कमी होणं म्हणजे काय, हे तिथल्या नर्सला विचारा. मात्र दीर्घकाळ टिकलेलं रक्त बहुतेक सोबत दिलेल्या, न वाढवलेल्या दुसऱ्या युनिटमधून आलं. हेही त्याच पेपरात आहे, पण उद्धृत करताना बऱ्याचदा गळतं.

याच प्रणालीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे घनता. डेल्टा विरळ बसवलं तर मूळपेशी अपरिपक्व राहून वाढतात. दाट बसवलं तर त्या टी-पेशींच्या वाटेला लागतात, आणि त्याहून जास्त झालं तर मरायला लागतात. प्रथिन तेच, प्लेट तीच. बदलते ती मात्रा. तेव्हा कोटिंगकडे औषधासारखं बघा. ज्या पेपरात 'डेल्टा-कोटेड प्लेट' एवढंच लिहिलंय, चौरस सेंटिमीटरला किती प्रथिन प्रत्यक्ष बसलं आणि कुठल्या बाजूनं बसलं हे मोजलेलं नाही, तो पेपर पुन्हा करून बघताना हमखास अडकायला होतं. बाजू महत्त्वाची, कारण प्रथिन आडवंतिडवं चिकटलं तर त्याची रिसेप्टरला भेटणारी जागाच प्लेटकडे दाबली जाते. म्हणून त्याला प्रतिपिंडाची एफसी शेपूट जोडतात आणि ती शेपूट धरणारं प्रथिन आधी प्लेटवर बसवतात.

पुढे टोरांटोच्या गटांनी डीएलएल-४ (डेल्टा कुटुंबातलंच प्रथिन) आणि व्हीकॅम-१ (पेशीला धरून ठेवणारं प्रथिन) यांची जोडी वापरून खाली आधाराला ठेवायच्या फीडर पेशींची गरज संपवली. २०१७ मध्ये पीटर झँडस्ट्रा यांच्या प्रयोगशाळेतून ते आलं. क्योटोच्या सीआयआरए या आयपीएस संशोधन केंद्रात आयपीएसपासून टी-पेशी करताना डीएलएल-४ आणि रेट्रोनेक्टिन या फायब्रोनेक्टिनच्या तुकड्याचा लेप वापरतात. आधी या कामाला डेल्टा-१ बनवणाऱ्या उंदराच्या ओपी-९ पेशी खाली ठेवाव्या लागत. रुग्णाला द्यायच्या उत्पादनात उंदराच्या पेशींचा संपर्क म्हणजे कागदपत्रांचा डोंगर. तो या लेपानं टळला, आणि माझ्या मते कोटिंगनं या क्षेत्राला दिलेली सर्वांत ठोस गोष्ट हीच आहे.

आता एमएससीकडे. इथे नॉचसारखा 'चिकटवल्याशिवाय चालतच नाही' असा एकच संदेश नाही. एमएससीला जागं करतो तो इंटरफेरॉन-गॅमा हा प्रतिकार यंत्रणेचा संदेशरेणू, आणि तो विरघळलेल्या रूपात मजेत काम करतो. मिलीलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या आसपास, एक-दोन दिवस दिला की मानवी एमएससी आयडीओ हे विकर बनवायला लागते. आयडीओ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल संपवतं, त्याचं कायन्युरेनिन करतं आणि टी-पेशींची वाढ थांबते. सोबत टी-पेशींना थोपवणारं पीडी-एल१ हे प्रथिन वर जातं. मग कोटिंगनं यात भर काय घालायची? तुमच्या लेपाला हरवायचं आहे ते साध्या प्लेटला नव्हे, तर दोन दिवसांच्या या साध्या इंटरफेरॉनला.

याचं बऱ्यापैकी उत्तर मला हेपरिनमध्ये दिसतं. इंटरफेरॉन-गॅमाच्या शेपटाकडचा धनभारित भाग हेपरान सल्फेटला (हेपरिनसारख्याच साखरेच्या साखळीला) बिलगतो. शरीरातही तो पेशींभोवतीच्या जाळीत असाच अडकून राहतो. हेपरिन ऋणभारित आणि आम्लधर्मी द्रावणात कोलॅजेन धनभारित, म्हणून प्लेट आळीपाळीनं दोन्हींत बुडवत, मधे धूत, काही नॅनोमीटरचे थर चढवता येतात. अमेरिकेत अर्कान्सास विद्यापीठातून या जोडीवर आणि एमएससीच्या इंटरफेरॉनला मिळणाऱ्या प्रतिसादावर काम प्रसिद्ध झालं आहे. कल्पना अशी की पेशीला धरायला कोलॅजेन मिळतं, आणि हेपरिन इंटरफेरॉनला पेशीच्या अगदी जवळ, जास्त वेळ धरून ठेवतं. माध्यमातला इंटरफेरॉन एरवी पेशींची वाढ मंदावतो, तो तोटा चांगल्या पृष्ठभागावर भरून निघाला तर दुहेरी फायदा.

निवडायचं झालं तर मी हेच निवडेन, पण तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून. थर आम्लधर्मी द्रावणात रचलेले असतात, ७.४ पीएचचं माध्यम आलं की त्यांची घडी विसकटू शकते. मग हेपरिन सुटून माध्यमात येतं आणि तुम्ही पृष्ठभागाचा म्हणून जो परिणाम मोजता तो विरघळलेल्या हेपरिनचा असतो. साध्या प्लेटवर तेवढंच हेपरिन माध्यमात घालून एक कंट्रोल ठेवलाच पाहिजे. शेवटचा थर कुठला, हेपरिनचा की कोलॅजेनचा, यानं निकाल बदलतो, दोन्ही करा. आणि एंडोटॉक्सिन, म्हणजे जीवाणूंच्या आवरणाचे विषारी अंश, मोजा. हेपरिन डुकराच्या आतड्यातून येतं, प्रयोगशाळेतलं कोलॅजेन बऱ्याचदा उंदराच्या शेपटीतून. एमएससीवर टीएलआर-४ हा जीवाणूंची चाहूल घेणारा रिसेप्टर असतो आणि एंडोटॉक्सिननं तो चेतवला की पेशीचा प्रतिकारविषयक स्वभावच बदलतो. कितीतरी 'बायोमटेरियल परिणाम' हे बाटलीतल्या घाणीचे परिणाम असावेत, असा माझा जुना संशय आहे.

कडकपणाबद्दल तुम्ही विचारलं आहे. २००६ मध्ये एंगलर आणि डिशर यांनी दाखवलं की मऊ जेलवर एमएससी चेतापेशींसारख्या दिसायला लागतात, ८ ते १७ किलोपास्कल (कडकपणाचं एकक) असलेल्या जेलवर स्नायूकडे झुकतात, २५ ते ४० वर हाडाकडे. आपली प्लेट गिगापास्कलमध्ये, म्हणजे त्या सर्वांत कडक जेलच्याही हजारो पटींनी कडक. त्यावर पेशी ताणून पसरते, याप हे प्रथिन केंद्रकात जाऊन बसतं. २०१४ मध्ये क्रिस्टी ॲन्सेथ यांच्या गटानं दाखवलं की कडक पृष्ठभागावर दहा दिवस काढलेल्या पेशी मऊ जेलवर नेल्या तरी याप केंद्रकातच राहतं. पेशीला कडकपणाची आठवण राहते. म्हणजे चौथ्या पॅसेजपर्यंत (पेशी उचलून नव्या प्लेटवर लावण्याच्या चौथ्या फेरीपर्यंत) प्लास्टिकवर वाढवलेल्या पेशी दोन दिवस मऊ जेलवर ठेवून तुम्ही 'मऊ पृष्ठभागाचा परिणाम' मोजत असाल, तर तुम्ही बहुतांशी प्लास्टिकचाच परिणाम मोजताय. मऊपणा तपासायचाच तर मज्जेतून काढल्या दिवसापासून तपासा. एक मजेशीर विरोधाभास इथे आहे. डार्विन प्रॉकॉप यांच्या गटानं पेशींना चिकटायला पृष्ठभागच दिला नाही, त्यांचे गोळे होऊ दिले, तर टीएसजी-६ हे सूज कमी करणारं प्रथिन जोरात वाढलं. न चिकटू देणारा लेपही लेपच की!

प्लेटवरून उतरल्यावर काय होतं, हा भाग पेपरांत सहसा नसतो. पेशी उचलायला वापरलेलं ट्रिप्सिन हे विकर तिच्या पृष्ठभागावरची प्रथिनं छाटतं. मग ती द्रव नायट्रोजनमध्ये जाते आणि रुग्णाच्या खाटेशेजारी वितळवून लगेच टोचली जाते. गोठवून नुकत्याच वितळवलेल्या एमएससी इंटरफेरॉनला नीट प्रतिसाद देत नाहीत, आयडीओ कमी बनवतात, हे २०१२ मध्ये जॅक गॅलिपो यांच्या गटानं दाखवलं. काही काळ पुन्हा कल्चरमध्ये ठेवल्या की त्या सावरतात. त्याउपर शिरेतून दिलेल्या बहुतेक एमएससी फुप्फुसात अडकतात आणि लवकरच नाहीशा होतात. २०१७ मध्ये लंडनच्या गटानं तर असं मांडलं की जीव्हीएचडीच्या ज्या रुग्णांच्या मारक पेशी या एमएससींना मारतात, त्याच रुग्णांना फायदा होतो. मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशींमधून आयडीओ तयार होतं. हे खरं मानलं तर पेशीला जास्त जगवणारं कोटिंग चांगलं की वाईट, हा प्रश्न उघडाच राहतो. तुमच्या प्रबंधात एक प्रकरण यावर असू द्या, परीक्षक विचारतीलच.

म्हणून माझी कसोटी एकच: लेपावरून उचलून, गोठवून, वितळवून, साध्या प्लेटवर किंवा थेट टी-पेशींसोबत ठेवल्यावर फरक उरतो का? उरत नसेल तर ते कोटिंग वाढीसाठी चांगलं, उपचारासाठी त्याचा दावा करू नका. पुण्यात एनसीसीएसमध्ये (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात) रक्तमूळपेशी गोठवताना त्यांची हानी कमी करण्यावर काम झालं आहे. तुम्ही तिथून जवळ असाल तर गोठवण्याचा भाग शिकायला जरूर जा.

हिशेबही करून बघा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकानं रायोन्सिल या एमएससी उत्पादनाला, स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या तीव्र जीव्हीएचडीच्या मुलांसाठी, मान्यता दिली. मात्रा किलोला २० लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. ५० किलोच्या किशोराला एका वेळी १० कोटी, एकूण ८० कोटी. चौरस सेंटिमीटरला ३० हजार पेशी निघाल्या असं धरलं तर सुमारे २.७ चौरस मीटर पृष्ठभाग लागतो, म्हणजे टी-१७५ चे (१७५ चौरस सेंटिमीटरचे) दीडशेहून अधिक फ्लास्क. त्यावर हातानं बारा थर चढवायचे? पोकळ तंतूंच्या क्वांटम बायोरिॲक्टरमध्ये २.१ चौरस मीटर जागा असते आणि तिला रात्रभर ५ मिलिग्रॅम फायब्रोनेक्टिन फिरवून लेप देतात. रक्तपेढीतलं क्रायोप्रेसिपिटेटही (गोठवलेल्या प्लाझ्मातून वेगळा केलेला प्रथिनांचा साका) त्या जागी वापरलं गेलं आहे. तुमचा लेप अशा नळ्यांतून पंपानं फिरवून चढत असेल तर त्याला भविष्य आहे, आणि थरांची संख्या जितकी कमी तितकं बरं.

पॉलिडोपामिनबद्दल थोडक्यात. २००७ मधला शिंपल्यांवरून सुचलेला हा लेप पीएच ८.५ च्या द्रावणात कशालाही चिकटतो, स्वस्त आहे, सोपा आहे. पण तो डिंक आहे, संदेश नाही. त्यावर काहीतरी अर्थपूर्ण बसवणार असाल तरच घ्या. पेशीलाच लेप देण्याची वेगळी शाखा आहे: ॲल्जिनेटचं पातळ कवच, पृष्ठभागावर साखरेचे रेणू बसवून पेशीला सुजलेल्या ऊतीकडे वळवणं. एमएससीवरचा टिश्यू फॅक्टर हा प्रथिनरेणू रक्त गोठवायला लावतो, म्हणून हेपरिनचं आवरण देण्याचेही प्रयत्न आहेत. रस वाटला तर वाचा, पण एका प्रबंधात दोन्ही घुसडू नका.

प्रत्यक्ष कामात, दाते पुरेसे घ्या. दात्यादात्यांतला फरक बऱ्याचदा कोटिंगच्या फरकापेक्षा मोठा असतो, आणि एकाच दात्याच्या पेशींचे प्लेटवरचे तीन खळगे (वेल) म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. कायन्युरेनिन एर्लिख रीएजंट या रंग आणणाऱ्या रसायनानं साध्या प्लेट रीडरवर मोजता येतं, महागडा किट लागत नाही. पण त्यावर थांबू नका, टी-पेशींची वाढ खरोखर रोखली जाते का ते बघा. उंदराच्या एमएससी वापरून मानवी निष्कर्ष काढू नका, कारण उंदीर आयडीओऐवजी नायट्रिक ऑक्साइडनं हे काम करतो. इंटरफेरॉननंतर पेशीवरचा एचएलए-डीआर हा ओळखरेणू वर जाईल. एमएससी कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या, आयएससीटी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००६ च्या निकषांत तो नसावा असं आहे, पण इंटरफेरॉन दिलेल्या पेशींना तिथेच सूट दिलेली आहे. ते वाक्य हाताशी ठेवा, परीक्षेत कामी येईल.

रुग्णापर्यंत पोचायचं म्हणाल तर भारतात आयसीएमआर आणि डीबीटीच्या (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य आजारांसाठीचं रक्तमूळपेशींचं प्रत्यारोपण सोडून बाकी सगळं मान्यताप्राप्त चाचणीतच करायचं असतं. मंजूर होऊन बाजारात आलेलं उत्पादनही टिकेलच असं नाही: आतड्याच्या क्रोन आजारातल्या भगंदरासाठी युरोपात २०१८ मध्ये मान्य झालेलं अलोफिसेल हे एमएससी उत्पादन पुढच्या मोठ्या चाचणीत कमी पडलं आणि २०२४ मध्ये मागे घेतलं गेलं. लेपातलं प्रत्येक प्रथिन कुठून आलं, विषाणूंसाठी तपासलं का, उचललेल्या पेशींसोबत किती उरतं, हे नियामक विचारतात. त्यामुळे उंदराच्या शेपटीच्या कोलॅजेनवर तीन वर्षं काढून शेवटी मानवी रीकॉम्बिनंटवर (जनुकतंत्रानं बनवलेल्या मानवी कोलॅजेनवर) जाण्यापेक्षा पहिल्याच वर्षी दोन्ही शेजारी ठेवून बघा. किंमत जास्त पडते, पण तुमच्या प्रमाणावर काही मिलिग्रॅमच लागतील.